सरिताताईनं भाकरी सोडली

आमची सरिताताई तोंडानं फटकळ, हे आधीच सांगून ठेवते. सायवनची लेक, कासाला दिलेली. नवरा गेल्यावर बाजारामागच्या शेडमध्ये तिनं भाकऱ्यांचा धंदा काढला. हायवेवरच्या एका हॉटेलला रोज सकाळी नागलीच्या, म्हंजे नाचणीच्या, गरम भाकऱ्या द्यायच्या. भाजायला आम्ही पाड्यावरच्या दहा-बारा जणी; मी लागले ती पावसाच्या तोंडावर.

माझ्यासाठी ते काम म्हंजे देवच भेटला. नाहीतर दिवाळी झाली की आम्ही पोराबाळांसकट वीटभट्टीवर, ते पावसाच्या तोंडावर परत. माझ्या संगीची शाळा दरवर्षी अर्ध्यावर सुटायची.

पण लगेच आवणी आली आणि घोटाळा झाला. आमच्याकडे भाताची रोपं एकेकटीनं लावत नाहीत. आज सगळ्या हिच्या शेतात, उद्या तिच्या. त्या दिवशी आमच्यातल्या गंगीच्या शेताची पाळी. एकटी बाई, रोपं पिवळी पडायला लागलेली. आम्ही सगळ्या तिच्याकडं, शेडमध्ये चूल थंड, आणि हॉटेलची गाडी रिकामी गेली. ताई बांधावर येऊन कडाडली, "सटव्यांनो, धंदा बुडवलात माझा!"

मी कुठली गप्प बसते? चिखलातूनच ओरडले, "मग काय गंगीचं शेत पडीक ठेवायचं?"

आवणीभर असंच चाललं. हॉटेलवाल्यानं काम तोडलं. ताईचा भाचा सुनिल म्हणाला, "मावशी, या बायका काढून टाक. बाहेरच्या मुली आण, रोज येतील." बाई गं, परत भट्टी!

काही दिवसांनी ताईनं आम्हाला शेडमध्ये बोलावलं.

"भाकरीला रोज हजेरी लागते, ती तुमच्याच्यानं होत नाही," ती म्हणाली. "पण जमून काम करावं तर तुम्हीच. म्हणून भाकरी बंद. आपण नागलीचे पापड करायचे. दिवाळीपासून पावसापर्यंत ऊन असतं आणि शेतं रिकामी असतात. तेव्हा लाटा, वाळवा. पावसाळ्यात मी डबे विकते, तुम्ही खुशाल एकमेकींच्या चिखलात लोळा."

सुनिल म्हणाला, मावशीला वेड लागलं. अरे मेल्या, बघ तरी! एक उकड काढते, दुसरी मळते, चौघी लाटतात, पोरी उन्हात पसरतात. आवणीसारखंच रांगेनं काम सरकतं, हात थांबत नाहीत. पहिल्याच वर्षीचा माल तलासरीपासून झाईपर्यंतच्या दुकानांत गेला आणि गणपतीआधी डबे रिकामे झाले. आता सुनिलच जीपमधून डबे पोचवतो. आम्हाला बदलायचं सोडून बाईनं आपला धंदा बदलला. तिचे उपकार मी कशी विसरू?

पापड सुरू झाले त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी झाली आणि भट्टीचा मुकादम नेहमीसारखा ओट्यावर येऊन बसला. "काय रखमी, कधी निघता?"

"नाही यायचं," मी म्हटलं. "मला इथंच काम आहे."

त्याला नाही म्हणायची माझी पहिलीच वेळ. चहा पाजून वाटेला लावला त्याला, आणि आत जाऊन ढसाढसा रडले.