बर्फातली चटणी

मी टेबलावर युरोपचा नकाशा पसरून हिवाळ्यातली स्वस्त वसतिगृहं शोधत होते आणि ओट्याशी आई खलबत्त्यात लसूण ठेचत होती. ठेचत कसली, जीवच घेत होती. "एकटीच जा!" धाड! "मर तिकडे बर्फात!" धाड! मिरच्यांच्या चिंधड्या उडत होत्या. नकाशासकट माझं टेबल हादरत होतं. आमच्या घरात कुणी कुणाला कधी जवळ घेतलं नाही. इथली माया अशीच, काहीतरी चिरडूनच बाहेर पडते. तिथे कोरड्या पावाबरोबर काय खाणार, हे मी ठरवलंच नव्हतं. तिने ठरवलं होतं. चटणी तिने स्टीलच्या डब्यात दाबून भरली, बुक्की मारून झाकण बसवलं आणि डबा नकाशावर आदळला.

"रिकामा का होईना, पण हा डबा मला घरी परत दिसला पाहिजे!"