नीलाबाईचं नाक

माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंनी खलबत्त्यांचा आवाज येत राहतो. विड्याची पानं, कात, सुपारी, खोबरं, बडीशेप, वेलदोडा, लवंग, जायफळ असं सगळं एकत्र कुटून इथं तांबूल करतात. आधी देवीला, मग माणसांना. नीलाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू या पायऱ्यांवर बसायची. सासूच्या मागं खलबत्ता तिच्याकडं आला.

तिची गिऱ्हाइकं ठरलेली होती आणि ती टिकली होती ती तिच्या नाकामुळं. खोबऱ्याची वाटी फोडली की ती पहिल्यांदा हुंगायची, मगच किसायला घ्यायची. जायफळ नवं की पडून राहिलेलं, पानं सकाळची की कालची, हे तिला डोळ्यांआधी नाकाला कळायचं. कुटणं कुठं थांबवायचं तेसुद्धा ती वासावरच ठरवायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत देऊळ बंद होतं. नीलाबाईला ताप आला नि घरच्या घरी उतरला. बरं वाटल्यावर एका सकाळी तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि शेजारीच पाठमोरी बसून लसूण सोलायला घेतला. तिचा नवरा बालाजी गडावर जीप चालवतो. तो अंगणातून ओरडतच आत आला.

"अगं, दूध जळून राहिलं! वास फाटकापर्यंत आला, अन् तू इथंच बसलीस?"

नीलाबाईनं वळून पाहिलं. पातेलं काळं पडलं होतं. तिनं हातातला लसूण चुरडून नाकाशी धरला. काही नाही. फिनेलची बाटली उघडून हुंगली. तरी काही नाही.

त्या दिवसापासून जेवणाचीही गंमत गेली. वरणातलं मीठ कळायचं, चिंच कळायची, पण वरण वरणासारखं लागायचं नाही. गूळ आणि साखर तिला सारखीच. आंबा म्हणजे नुसता गोड चिखल.

"नाक गेलं तं गेलं," बालाजी समजूत घालायला म्हणाला. "जीभ हाय ना? माणूस काय नाकानं जेवतं का?"

नांदेडला नर्स असलेली त्यांची मुलगी ऋतुजा फोनवर हे ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, नाकानंच जेवतं. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असलं थोडंसंच कळतं. बाकीची चव म्हणजे घशातून मागल्या बाजूनं नाकात चढणारा वास. खोटं वाटत असंल तर नाक दाबून वेलदोडा चावा."

बालाजीनं चिमटीत नाक धरून वेलदोडा चावला. "लाकूड हाय नुसतं," तो म्हणाला. मग त्यानं चिमूट सोडली आणि त्याचे डोळे मोठे झाले. "आयला! आत्ता आला!"

नीलाबाईला हसू आलं, पण लगेच तिची नजर कोपऱ्यातल्या खलबत्त्याकडं गेली. म्हणजे ती आजवर जो तांबूल विकत आली, तो बहुतेक वासच होता.

"मग मिरची कशी लागती मला?" तिनं विचारलं.

"तिखट ही चव न्हाईच, आई. ती आग हाय. मिरचीचं बोट डोळ्याला लागलं तरी झोंबतं ना? तसंच ते."

घटस्थापनेला देवळं उघडली. नीलाबाई कुणाला काही न सांगता पायरीवर जाऊन बसली. हाताला सवय होती, तेवढ्यावर ती कुटत राहिली. पहिले काही दिवस निभावले. मग चाकूरच्या केवळाबाई आल्या. त्या दर नवरात्रात यायच्या आणि घरच्यांसाठी तांबूल बांधून न्यायच्या. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला, चावला आणि बाजूला जाऊन थुंकला.

"नीले, खोबरं खवट हाय की गं. देवीलाबी हाच दिलास का?"

केवळाबाई गेल्यावर तिनं सगळं कुटलेलं पिशवीत भरलं आणि टाकून द्यायला उठली. पलीकडं सुभद्राबाईचं दुकान होतं. बसायच्या जागेवरून दोघींचं जुनं भांडण. कित्येक वर्षांत त्या एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या.

"का गं, एवढं का टाकून राहिलीस?" सुभद्राबाईनं विचारलं.

शेजारणींपैकी जिला सांगू नये तिलाच नीलाबाई सांगून बसली. "मला वास येत न्हाई. उन्हाळ्यापासून."

ही गोष्ट सुभद्राबाईनं पायऱ्यांवर बोलून दाखवली असती तर नीलाबाईचं दुकान त्याच दिवशी बसलं असतं. पण ती उठली, तिनं नीलाबाईच्या टोपलीतल्या खोबऱ्याच्या वाट्या एकेक करून हुंगल्या आणि दोन बाजूला काढल्या.

"ह्या फेक. बाकीचं बराबर हाय." मग आपला खलबत्ता पुढं सरकवत म्हणाली, "माझं मनगट धरून बसलंय. एवढं कुटून दे."

तिथून पुढं तसंच ठरून गेलं. सकाळी सुभद्राबाई दोघींचा माल हुंगायची आणि नीलाबाई दोघींचं कुटायची. भांडणाचा विषय कुणीच काढला नाही.

ऋतुजानं एक काम लावून दिलं होतं. रोज लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल हुंगायचं, आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा. नीलाबाई मुकाट्यानं हुंगायची. महिने गेले. मग थंडीत एकदा फोडणी देताना तिला टायर जळल्यासारखा वास आला. ती धावत बाहेर गेली. कुठंच काही जळत नव्हतं. वास फोडणीचाच होता.

"चांगलं लक्षण हाय," ऋतुजा म्हणाली. "नाक पुन्हा शिकून राहिलंय. आधी चुकंल, मग येईल."

चुकलं ते बरेच दिवस. जायफळ रॉकेलसारखं, चहा सडक्या पानांसारखा. त्या काळात ती चार घास कसेबसे गिळायची आणि वाळून गेली. मग एकेक वास आपल्या जागी येत गेला. आधी लिंबू, पुढं लवंग, आणि बऱ्याच दिवसांनी विड्याचं पान. पानाचा वास आला त्या दिवशी ती कामधंदा सोडून पान नाकाला लावून बसून होती. खोबऱ्याचा वास मात्र अजूनही अर्धाच येतो, म्हणून वाट्या अजून सुभद्राबाईच बघते.

गेल्या दत्तजयंतीला भोकरचे वैजनाथ नावाचे एक शेतकरी पायऱ्यांवर आले. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला तेव्हापासून त्यांना वास येत नव्हता, आणि तो परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तांबूल हातात घेऊन ते म्हणाले, "देवीचा म्हणून खातो, बाई. मला कळत काय न्हाई."

"बसा जरा," नीलाबाई म्हणाली.

तिनं वेगळा घाणा घेतला. नाक गेलं होतं तेव्हाही तोंडाला काय काय कळायचं, ते तिला आठवत होतं. लवंग ज्यादा टाकली. चुना बोटाच्या टोकाएवढा. सुपारी बारीक न करता दाताखाली येईल अशी ठेवली, खडीसाखर शेवटी नुसती फोडून मिसळली आणि वरून पिपरमिंटचा बारीक खडा टाकला.

वैजनाथ चावत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थंड लागून राहिलंय," ते म्हणाले. "आता गरम. अन् करकर वाजतंय."

"वासाचं मला जमायचं न्हाई," नीलाबाई म्हणाली. "एवढंच जमतं."

त्यांनी आणखी एक बांधून घेतला. त्यांच्या सांगण्यावरून पुढं अधूनमधून कुणीतरी तसला तांबूल मागायला येऊ लागलं. सुभद्राबाईनं एकदा तो चाखून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला काय तांबूल म्हणतेत का? तोंडाची आग झाली नुसती."

"तुझ्यासाठी न्हाईच हाय तो," नीलाबाई म्हणाली आणि पुढची पानं खलबत्त्यात टाकली.