लुगड्याच्या पैशाचे टायर

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्या होत, तशी एक तिहेरी शर्यतही होत असे. शाळेतल्या कवायतीच्या गुरुजींनी ती काढली होती. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी पोहून अलीकडे यायचं, काठावर उभ्या केलेल्या सायकलीवर बसून साखर कारखान्याच्या फाट्याला वळसा घालून परत यायचं, आणि मग सायकल टाकून भैरोबाच्या माळावर पळत चढायचं. जो देवळाच्या पायरीला आधी हात लावील तो पहिला. त्याला फेटा बांधत आणि देवापुढचा नारळ त्याच्या हातून फोडत. त्या नारळाचा मान मोठा होता.

आमचे हे तीन वर्षं त्या शर्यतीत उतरत होते. पाण्यातून तिन्ही वर्षं सगळ्यांच्या आधी हेच बाहेर आले आणि तिन्ही वर्षं सायकलीवर मागे पडले. सायकल दुधाची. मागे दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायचे जाड गजाचे आकडे, लोखंडी स्टँड, चेनवर पत्र्याचं झाकण. रिकामी असली तरी ओट्यावर चढवायला दोन माणसं लागत. तिचे टायर इतके जुने होते की रबराला उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या भेगा पडल्या होत्या.

चौथ्या वर्षी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जेवताना सांगून टाकलं, "ह्या साली काय पळायचं ते पळून घे. फुडल्या सालापास्नं बंद. एका पोराचा बाप झालास, आता चड्डीवर गावाम्होरं पळतोस, बरं दिसतं का?"

हे भाकरीचा घास हातात धरून नुसते बसले. मी चुलीपुढे होते, मला त्यांचा चेहरा दिसला. मोठ्या माणसाचा तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

गुढीपाडव्याला माझा भाऊ आला. माहेरून माझ्यासाठी लुगड्याचे पैसे आले होते, तीस रुपये. पेठेत जाऊन मनाजोगं घे, असं आईने सांगून धाडलं होतं. मी ते पैसे यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि म्हटलं, "सायकलीला काय लागतं ते घाला."

"आन लुगडं?"

"हाय की नेसलेलं."

त्यांना हसू आलं. पण पैसे परत दिले नाहीत. त्यांच्या मनात आधीच काय काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. नगरला एका दुकानात त्यांनी शर्यतीचं हँडल पाहिलं होतं, बोकडाच्या शिंगासारखं खाली वळलेलं. ते बसवलं की माणूस वाकून बसतो आणि वारा अंगावरून निघून जातो, असं त्यांनी मला हाताने करून दाखवलं. गोठ्यात, शेणाच्या पाटीपुढे वाकून. मी तोंडाला पदर लावून हसले.

गावात सायकलीचं दुकान एकच होतं, चाचांचं. पेठेच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. चाचांनी जे सांगितलं ते यांनी घरी येऊन जसंच्या तसं मला सांगितलं. दिवसभर काय झालं ते संध्याकाळी धारा काढताना मला सांगायची त्यांना सवयच होती.

चाचा म्हणाले, "हँडल घेतलंस तर टायर व्हायचे न्हाईत. टायर घेतलेस तर हँडल व्हायचं न्हाई. काय करतोस?"

"हँडल लई भारी हाय, चाचा."

"भारी हाय ना? मग गळ्यात घालून पळ. अरे बाबा, जिमिनीला सायकलीचं टेकतं काय? हँडल टेकतं का? टायर टेकतं. त्येच मेलेलं असलं तर वर सोन्याचं हँडल लावून काय उपेग?"

मग चाचांनी दोन नवे टायर घातले. चाकांतले झिजलेले छर्रे काढून नवे बसवले. मागचं चाक डगमगत होतं, ते तारा कसून सरळ केलं. तिथे पैसे संपले. त्यापुढचं त्यांनी जे केलं त्याचं त्यांनी काही घेतलंच नाही, कारण ते सगळं काढायचं काम होतं. किटल्यांचे आकडे काढले. स्टँड काढला, चेनचं झाकण काढलं, दोन्ही मडगार्ड काढले. घंटीसुद्धा काढली. "घंटी कुनासाठी? म्होरं जो असल त्याला तू मागनं वरडच," असं म्हणाले. शेवटी सीट चार बोटं वर घेतली. दूध नेताना ओझं असतं, थांबलं की दोन्ही पाय खाली टेकायला लागतात, म्हणून यांनी सीट खाली ठेवली होती. वर घेतल्यावर पाय पुरता लांब होतो आणि जोर लागतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

सायकल घरी आली तेव्हा ती आमची वाटेना. कातरलेल्या मेंढीसारखी दिसत होती. यांनी ती एका हाताने उचलून मला दाखवली. मामंजी ओसरीवरून म्हणाले, "लुगडं इकून मोडकी आनली म्हनायची." पण नंतर ते उठून तिच्याभोवती एक फेरी मारून आले, ते मी पाहिलं.

जत्रेला पाच दिवस होते. नवे टायर खडीवर झिजवायचे नाहीत म्हणून हे दूध घालायला शेजाऱ्याची सायकल नेऊ लागले. आमची पडवीत उभी राहिली. पलीकडे खळं होतं, गव्हाची मळणी चालली होती.

आमच्याकडे जत्रेच्या आधी घरातली सगळी अवजारं धुऊन, त्यांना कुंकू लावून तेल द्यायची रीत होती. नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाड, जात्याचा खुंटा. ते काम घरच्या सुनेचं. मी पितळी वाटीत करडईचं तेल घेऊन एकेकाला बोट लावत पडवीपर्यंत आले. सायकलीला कुंकू लावलं. मग मला वाटलं, सगळ्यांना बोटभर, हिला जरा जास्त. घाण्याचं ताजं तेल होतं, घरच्या करडईचं. दुकानातल्या काळ्या तेलापेक्षा हे चांगलंच असणार. मी चेनवर ओतलं. मागच्या दातेरी चकतीत, फ्रीव्हीलमध्ये, ओतलं. चाकांच्या मधोमधही सोडलं. वाटी रिकामी केली. कुणाला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. तेल ते तेल.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी मी पडवी झाडत होते. सायकल बाजूला सरकवावी म्हणून धरली, तर चेनला हात चिकटला. पाहिलं तर सगळी चेन पिवळट तपकिरी झालेली, वर खळ्यातला भुसा आणि धूळ बसलेली. पायडल हाताने पुढे फिरवलं. पायडल फिरलं, चेन फिरली, आणि चाक जागचं हललं नाही.

मी बोटं एकमेकांवर घासली आणि मला कळलं. तेलाच्या भांड्याच्या तोंडाशी जो चिकटा धरतो, राख लावून नारळाच्या शेंडीने खरवडल्याशिवाय जात नाही, तोच हा. करडईचं तेल उघड्यावर राहिलं की त्याचा डिंक होतो. रोज भांडी घासणाऱ्या बाईला हे ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. फक्त सायकलीपाशी आठवलं नाही.

हे सकाळीच मंडपाचे वासे आणायला गाडी घेऊन गेले होते, ते दिवेलागणीला येणार. चाचा तीनच्या एसटीने मेहुण्याच्या गावी जाणार, हे यांनीच मला सांगितलं होतं. सासूबाई बाळाला घेऊन निजल्या होत्या. त्यांना उठवून सांगायचा मला धीर झाला नाही. मी कुणापुढे बोलत नसे. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण मामंजींशी माझं बोलणं म्हणजे दाराआडून बांगड्या वाजवणं. पेठेत गेले तर सासूबाईंच्या मागून, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून.

बाटलीत दिव्यापुरतं रॉकेल होतं. ते पिशवीत घातलं, सायकल धरली आणि निघाले.

पेठेला जायचं तर मारुतीच्या पारावरून जावं लागे. दुपारची वेळ, पार भरलेला.

"ही कुनाची सून रं सायकल घेऊन निघाली?" एक म्हातारा म्हणाला.

"उद्या हीच उतरती वाटतं शर्यतीत!"

"नवऱ्यापरीस म्होरं जाईल बग!"

सगळे हसले. मी खाली मान घालून चालले होते. तेवढ्यात एकजण म्हणाला, "अवं, तुमचीच की ही," आणि हसणं थांबलं. मामंजी पारावरच बसले होते. ते उठून उभे राहिले.

"काय झालं?"

मी तिथेच थांबले. पळून जायची सोय नव्हती, हातात सायकल होती. म्हटलं, "मामा, मी हिला करडईचं तेल घातलं. त्याचा चिकटा झाला. पायडल मारलं तरी चाक फिरंना. चाचा तीनच्या गाडीनं जायच्या आत नेते."

एवढं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते, आणि तेही सगळ्या गावापुढे. मामंजींनी एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा पारावरच्या माणसांकडे. मग चपला पायात सरकवल्या आणि माझ्यापुढे चालू लागले. दुकानापर्यंत पुढे ते होते म्हणून पेठेत कुणी मला काही म्हटलं नाही.

चाचा शेडला कुलूप लावत होते. त्यांनी चेनला बोट लावलं, वास घेतला.

"करडई? पोरी, भजी तळायची व्हती का फ्रीव्हीलमंदी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून चाचांनी कुलूप काढलं. "रडू नको. आजून दगड न्हाई झाला. उद्या झाला आसता." त्यांनी दोन्ही चाकं खोलली; मागच्याच्या फ्रीव्हीलमधले, पायडलचा जोर चाकाला देणारे खटके चिकटून बसले होते. माझं रॉकेल पुरलं नाही, त्यांनी आपलं काढलं. मी पदर खोचून बसले आणि चेन ब्रशने घासायला लागले. भांडी घासायचा माझा हात होताच. मामंजी फळकुटावर बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "त्या खालच्या कडीत ऱ्हायलंय बग." एसटीचा हॉर्न वाजला, गाडी गेली. चाचांनी मान वर करून पाहिलं नाही.

चाक फिरलं तेव्हा टकटकटक असा बारीक आवाज आला. चाचा म्हणाले, "हां. आता ही बोलायला लागली."

रात्रीच्या जेवणाआधी मी यांना सगळं सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. ते ऐकून घेत गेले, मग पडवीत जाऊन पायडल फिरवून आले.

"पारावरनं एकटीच गेलीस?"

"व्हय."

"मग मला उद्या काय अवघड हाय," असं म्हणाले आणि पाटावर बसले.

दुसऱ्या दिवशी बायका माळावर देवळाच्या कडेला बसल्या होत्या. तिथून नदी दिसत नाही, पण डांबरी रस्ता फाट्यापर्यंत दिसतो. पाण्यातून आधी हेच आले असणार, कारण रस्त्यावर पहिला ठिपका यांचा होता. पाठीमागे तीन-चार जण. मी टक लावून बघत होते. दरवर्षी ते फाट्याच्या अलीकडेच गाठले जात. यंदा ते फाटा वळले, तरी पुढेच. परत येताना तर मधलं अंतर वाढलं. ते इतके सरळ, ताठ पायाने पायडल मारत होते की ते दूध घालायला जाणारे आमचे हे आहेत असं वाटेना.

माळाच्या पायथ्याला त्यांनी सायकल टाकली. निम्मा चढ पहिलेच होते. मग शेजारच्या गावचा एक तरणा मास्तर मागून आला. हरणासारखा पळत होता. शेवटच्या वळणावर तो पुढे गेला. हे दुसरे आले.

नारळ मास्तराने फोडला. हे देवळाच्या भिंतीला पाठ लावून धापा टाकत बसले. मामंजी त्यांच्यापाशी गेले. मला वाटलं, आता काय बोलतात.

"सायकल झ्याक हुती," मामंजी म्हणाले. "आता पाय कुटं बदलून मिळत्यात का बग."

भोवतीची माणसं हसली. हेही हसले, पण डोळे पुसत. मग मामंजी खाली न बघता म्हणाले, "आजपास्नं रोज पहाटं माळावर पळायचं. फुडल्या साली मास्तर मागं ऱ्हायला पायजे."

म्हणजे शेवटचं वर्ष नव्हतं. हे आम्हाला दोघांना एकदमच कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या बायकांच्या देखत पाहिलं, आणि मीही पदर ओढून घेतला नाही.

वर्षभर ते माळावर पळाले. पण त्या साली पावसाने ओढ दिली. पुढच्या चैत्रात बंधाऱ्यात घोटाभर पाणी नव्हतं. गुरुजी म्हणाले, पोहल्याशिवाय शर्यत कसली, आणि ती बंद पडली ती कायमचीच. जत्रेच्या दिवशी सकाळी हे कुणाला न सांगता सायकल घेऊन फाट्याला गेले, परत आले आणि माळावर पळत चढले. आम्ही नैवेद्य घेऊन देवळापाशी उभे होतो. त्यांनी येऊन पायरीला हात लावला.

मामंजी म्हणाले, "एकट्यानं पळून पहिला आला. वा रं गडी."

मी म्हटलं, "मामा, बाकीचे भिऊन आलेच न्हाईत, त्याला ते काय करत्याल?"

मामंजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग नैवेद्याच्या ताटातला नारळ उचलला आणि यांच्या हातात दिला.