त्या दिवशी तिला ताप होता

चूर्णाच्या शिबिरात माझ्या पोरीला भर हॉलमध्ये पाटावर बसवलं होतं. समोर शंभरेक आईबाप. आमच्या मालकीण ताईंनी मोबाईलवर पाच मिनिटं लावली आणि सांगितलं, बघा, आमच्या चूर्णानं चंचल मूल कसं स्थिर होतं.

पोरगी अकरा वर्षांची. दुसऱ्या मिनिटाला पाटाची कड नखानं खरवडू लागली. तिसऱ्याला उठली, खिडकीशी गेली, तेलीबांध्याच्या तलावातली बोट बघत राहिली. लोक हसले.

ताईंनी माईक तोंडाशी नेला. "दवा तो सात्त्विक है. घर भी सात्त्विक होना चाहिए ना." मग माझ्याकडे बघून मराठीत, पण माईक चालूच, "तुमच्या लोकांत कशालाच धरबंध नाही."

मी चूर्णाचे डबे मांडायला पहिल्या रांगेत होते. सगळ्या माना वळल्या. मी हात जोडले. "चुकलं माझं, ताई."

ताईंचा चूर्णाचा कारखाना उरल्याला. दोन रोलिंग मिलच्या मधली शेड. सहा वर्षं तिथं मी ब्राह्मी, शंखपुष्पी, वेखंड चाळलं. डब्यावर सोवळं नेसलेल्या, खलबत्ता घेतलेल्या बाईचं चित्र. आतलं चूर्ण माझ्या हातचं. माझे हात त्यांना चालत होते, माझं घर चालत नव्हतं.

नवरा सिलतऱ्याच्या प्लांटात पाळीवर. शाळा, दवाखाना माझ्याकडे. दुसरीपासून तक्रारी. वह्या हरवते, मध्येच बोलते, बाकावर टिकत नाही. शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तीनदा बोलावलं, शाळेकडून कागद भरून घेतला, मग सांगितलं, एडीएचडी आहे. हा पोरीचा आळस नाही, तुमच्या वळणाचा दोषही नाही. गोळी सुरू केली. काही आठवड्यांनी पोरगी गणिताचं पान पुरं करू लागली. एक पान. पण पुरं.

ताईंना कळलं. "आमच्याकडे काम करतेस आणि पोरीला गुंगीच्या गोळ्या चारतेस?" दोन डबे माझ्या हातात ठेवले. काम जाईल म्हणून मी गोळी बंद केली. कोणी हात धरला नव्हता. मीच केली.

महिन्याभरानं त्या व्हिडिओ काढायला आल्या. पोरगी तापानं फणफणलेली, एकशे दोन. मी म्हटलं, "ताई, तिले ताप आहे. आज नका घेऊ."

"मग छान बसेल," ताई म्हणाल्या.

बसली. पंधरा मिनिटं, डोळे अर्धे मिटून. व्हिडिओखाली अक्षरं आली : चूर्णाचा तिसावा दिवस. प्रत्येक शिबिरात आधी तो दाखवायचे. त्यानंतरच हा पाटाचा खेळ सुरू झाला.

तर हॉलमधल्या त्या दिवशी, हात जोडून झाल्यावर, जिन्यात एक बाई आली. धमतरीकडची, पिशवीत चूर्णाचे चार डबे. ताईंचं तिला पटलं होतं. औषध खरं, खोट माझ्या घरात. तरी खात्री करून घ्यायची होती तिला. माझा हात धरून विचारलं, "दीदी, तोर नोनी सिरतोन मा बने होगे रिहिस का?" तुझी पोरगी खरंच बरी झाली होती का? तिच्या मुलालाही दवाखान्याची गोळी होती. उद्यापासून बंद करणार होती.

वरच्या पायरीवर ताई उभ्या होत्या.

मी होकार भरला, "हव."

घरी जाताना ऑटोत पोरगी बाहेर बघत होती. अचानक वळली. "मम्मी, उठी तो मैं थी. माफी तुमने काहे माँगी?"

दुसऱ्या दिवशी खाडा करून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या, रागावायलाच हव्या होत्या. पोरीला तपासून गोळी पुन्हा सुरू केली.

पुढच्या शिबिराला ताईंनी बजावलं, पोरीला आण, या वेळी नीट शिकवून आण. मी एकटी गेले. दिवे मालवले, पडद्यावर माझी पोरगी आली, पाटावर. मी उठून उभी राहिले.

"ये मेरी बच्ची है. उस दिन इसको एक सौ दो बुखार था. इसलिए बैठी. इसकी गोली मैंने बंद की थी, वो मेरी गलती थी. आप लोग डॉक्टर से पूछे बिना बंद मत करना."

कोणीतरी व्हिडिओचा आवाज वाढवला. सहा वर्षं मी दोन मिलच्या खडखडाटात बोलत आले. माझा आवाज दाबायला तेवढं पुरत नाही. मी सगळं पुन्हा सांगितलं.

ताई जवळ आल्या, दात आवळून बोलल्या. "खाली बस. उद्या कामावर यायचं आहे ना?"

"नाही यायचं मले."

ते काम सुटलं ते सुटलंच. पोरगी अजून वह्या हरवते. अजून मध्येच उठते. गोळी म्हणजे जादू नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. व्हिडिओही अजून दाखवतात.

मी दर शिबिराला जाते. आत सोडत नाहीत, म्हणून फाटकाबाहेर उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येक आईला तापाचं सांगते. काहीजणी थांबतात. बऱ्याच थांबत नाहीत. धमतरीची ती बाई अजून दिसलेली नाही. तिला दिलेला हव मला परत घ्यायचा आहे. ती भेटेपर्यंत मी इथून हलणार नाही. भेटल्यावरही नाही.