भरल्या वांग्यांच्या दिवशीचा दाखला

माझ्या मावशीच्या यजमानांइतकी दांडगी स्मरणशक्ती अख्ख्या डोंबिवलीत कुणाची नव्हती, आणि त्यांच्याइतका विसरभोळा माणूसही दुसरा नव्हता. भानगड अशी की काकांच्या डोक्यात प्रत्येक गोष्ट त्या दिवशीच्या जेवणाखाली ठेवलेली असायची. तारखा आणि नावं यांना तिथे जागाच नव्हती. शेजारची सून कधी आली म्हणून विचारलं, तर "अळू खाजलेलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी." माझी मुंज म्हणजे आंबट मठ्ठा. आमच्या ठाण्याच्या घराचा पत्ता त्यांनी रिक्षावाल्याला "टेंभी नाक्याच्या पुढे, साबुदाणावडा तेलात फुटलेला तिथे" असा खरोखर सांगितला होता, आणि तो भला माणूस "वडा नेमका कुठे फुटला, काका?" असं विचारत त्यांना तासभर फिरवत होता.

घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले त्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायला गेलो होतो. मावसबहिणीला कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता आणि तिचा शाळा सोडल्याचा दाखला काकांनी 'नीट' ठेवला होता. उद्या शेवटचा दिवस. कपाटं उपसून झाली, गाद्या उलटून झाल्या, बहीण रडकुंडीला आली.

"अहो, आठवा ना जरा!" मावशी कळवळून म्हणाली.

"आठवतंय की. भरली वांगी होती. पण चव येत नाहीये गं जिभेवर."

मावशीने कपाळाला हात लावला आणि गॅस पेटवला. घाईत शेंगदाण्याऐवजी तिळाचं कूट पडलं. काकांनी घास घेतला, डोळे मिटले आणि आनंदाने ओरडले, "माझी छत्री! माजिवड्याला तुझ्या भावाकडे राहिलेली!" ती छत्री हरवून सहा वर्षं झाली होती. मावशीने वांगी पुन्हा केली. या वेळी काका घास तोंडात असतानाच उठले आणि फळीवरच्या लोणच्याच्या बरणीखालचा कागद त्यांनी उचलला. त्याखाली दाखला होता. बहिणीला प्रवेश मिळाला. आम्ही मात्र दोन दिवस वांगीच खात होतो.

पुढे बहीण लग्न होऊन नागपूरला गेली, आणि काही वर्षांनी मावशी देवाघरी गेली. काकांना खानावळीचा डबा सुरू झाला. एकदा मी सहज विचारलं, "कसे चाललेत दिवस?"

"कुणास ठाऊक रे. डब्याची चव रोज तीच. ती गेल्यापासूनचं काहीच सापडत नाही बघ."

मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी मी त्यांच्याच स्वयंपाकघरात, मावशीच्याच कढईत भरली वांगी केली. काकांनी एक घास घेतला.

"तिच्या हातची नाहीत ही," ते म्हणाले. "मीठ विसरलास."

मी मीठ आणायला उठलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. आजचा रविवार लक्षात राहील."