महिपतने जागे केलेले राखणदार

डोंबिवलीत मानपाड्याकडे, एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत महिपत बश्या धुवायचा. चहाच्या नव्हेत बरं का! तळहाताएवढ्या काचेच्या, वर झाकण, आणि आत माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. गोष्ट एक्याण्णव सालची.

तिथल्या चित्रा मॅडम महिपतच्या थोरल्या लेकीच्या वयाच्या, पण त्याला महिपतराव म्हणायच्या. एकदा त्याने धीर करून विचारलं, "मॅडम, या बश्यांत नेमकं चाललंय काय?"

"तुमच्या गावाला राखणदार असायचे ना? तशा या पेशी. बाहेरचं कुणी अंगात शिरलं की धरून बडवायचं, हे त्यांचं काम. माणूस म्हातारा झाला की राखणदारही म्हातारे होतात, पेंगायला लागतात. मग साधा खोकलासुद्धा म्हाताऱ्याला महिनाभर सोडत नाही."

"आणि ही बाटली?"

"गुळवेलीचा अर्क. म्हाताऱ्या माणसांच्या पेशींवर घालून बघतोय. काही जाग्या होताना दिसतात. पण हे बशीत हं, महिपतराव. माणसाच्या अंगात काय होईल, ते आम्हालाही अजून ठाऊक नाही."

आता बघा, माणसाचे कान कसे असतात. अर्धं वाक्य आत घेतात, अर्धं उंबऱ्याबाहेर ठेवतात. महिपतने 'जाग्या होतात' एवढंच उचललं आणि घरी नेलं. चाळीमागच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली होतीच. निंबावरची म्हणजे सगळ्यांत गुणाची, असं सातारकडचे लोक मानतात. मग काय विचारता! महिपत बोटाएवढ्या जाड कांड्या कापायचा आणि भेटेल त्या म्हाताऱ्याला म्हणायचा, "तुमचे राखणदार झोपलेत, काका. हे उकळून प्या!"

पण त्याचा जीव खरा अडकला होता ठाण्यात, खोपटला. तिथं त्याचा थोरला भाऊ विठ्ठल राहायचा. एसटीच्या डेपोत फिटर होता. चार वर्षांमागे त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा दोघांची थोरली बहीण हौसाबाई, त्यांची अक्का, पुढे आली. "इतकी वर्षं भाऊबिजेला तुझी ओवाळणी घेतली, एकदा माझी घे," म्हणाली आणि आपली एक किडनी देऊन मोकळी झाली. विठ्ठल वाचला, पण तेव्हापासून तोळामासा झाला. कुणी शिंकलं तरी तो घरात जाऊन बसायचा. मग महिपतने त्याला काढा सुरू केला नसता तरच नवल.

आणि गुण आला की! महिन्याभरात विठ्ठलचे बसलेले गाल भरले, चेहऱ्यावर तकाकी आली. वहिनी, म्हणजे कलावती, जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगायची, "भावोजींच्या काढ्यानं अंग धरलंय."

नागपंचमीला महिपतने अर्धी रजा मागितली.

"दादाकडे दिंडांचं जेवण आहे, मॅडम. अक्का पण माहेरपणाला आलीय. आज काही चिरायचं-कापायचं नसतं ना, म्हणून कांड्या कालच तोडून ठेवल्यात." त्याने पिशवी उघडून दाखवली. "दादाला फार मानवलीय. किडनी बसवल्यापासून असा टवटवीत कधी दिसला नव्हता."

मॅडमच्या हातातली नळी तशीच राहिली.

"किडनी बसवलीय? दुसऱ्याची?"

"अक्काची."

"महिपतराव, त्या किडनीसाठी ते रोज गोळ्या घेतात ना? त्या कशाच्या असतात, माहितीय?"

"ताकदीच्या."

"राखणदारांना झोपवायच्या! अक्काची असली तरी त्यांच्या अंगाला ती किडनी परकीच. राखणदार जागे झाले तर आधी तिलाच बडवतील. चेहरा भरलाय म्हणता? सूज तर नाही ना ती?" त्यांचा आवाज खाली आला. "आत्ता जा. काढा बंद करा आणि आजच त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. काय दिलं, किती दिवस दिलं, सगळं सांगा. लपवू नका."

शीळफाट्यावरून ठाण्याला जाणाऱ्या एसटीत महिपतला बसायला जागा मिळाली होती, पण तो उभाच राहिला. मुंब्र्याला गाडी अडकली, तेव्हा त्याने कंडक्टरला विचारलं, "उतरून चालत गेलो तर लवकर पोचेन का हो?" कंडक्टर हसला. महिपतला हसू येईना.

खोपटला घरात वाफेवरच्या दिंडांचा वास सुटला होता. विठ्ठल पाटावर बसलेला. महिपत चप्पल काढायचं विसरून तसाच आत आला, खाली बसला आणि त्याने भावाच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, खळगा तसाच राहिला. किडन्या गेल्या तेव्हाही असाच राहायचा.

"दादा, लघवी किती होते?"

"सणाच्या दिवशी ताटावर हे काय विचारतोस रे?"

"किती होते?"

विठ्ठल एकदम उसळला, "तूच म्हणालास ना, राखणदार उठवतो म्हणून? डेपोतले लोक म्हणतात, विठ्ठल, दहा वर्षांनी लहान झालास! आता मॅडमनं कान फुंकले तर लगेच फिरलास?"

"मी अर्धंच ऐकलं होतं, दादा. चल, डॉक्टरकडे जाऊ."

"न्हाई जायचं. एकदा गेलो की परत त्या मशीनला बांधतील. आठवड्यातनं दोनदा ते रगात काढणं, घालणं... त्यापरीस..." लघवी कमी झालेली त्याला ठाऊक होती. भीतीने त्याने ती सगळ्यांपासून लपवली होती.

कलावती पदर तोंडाला लावून उभी. महिपत हात धरून ओढतोय, विठ्ठल पाट सोडत नाही. तेवढ्यात मेंदीचे हात पुढे धरून हौसाबाई स्वयंपाकघरातून आली. सगळं तिने ऐकलं होतं.

"विठ्ठला, किडनी कुणाची?"

"अक्का, आता..."

"कुणाची, ते सांग."

"तुझी."

"मग ठरवणारा तू कोण? तुला सांभाळायला दिली होती मी. टाकून द्यायला न्हाई. ऊठ, सदरा घाल!"

विठ्ठल उठला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि महिपतकडे असं बघितलं की त्याला जमीन दुभंगावी असं झालं. "काढ्यानंच झालं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण शरीर किडनीवर उठलंय हे खरं. राहील की जाईल, आज सांगता येणार नाही." सलाइनमधून इंजेक्शनं सुरू झाली. राखणदारांना पुन्हा झोपवायचं होतं.

पुढचे दिवस घरातल्या कुणी कुणाशी धड बोललं नाही. लघवीची पिशवी एवढीच काय ती बातमी. सकाळी बघावं तर तळाशी चहाच्या कपाएवढी. संध्याकाळी तेवढीच. कलावतीने देव पाण्यात घातले. महिपत बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. आत जायचं धैर्य नव्हतं आणि घरी पाय वळत नव्हते.

मग एका सकाळी अक्काच बाहेर आली. हातावरची मेंदी फिकी झालेली, डोळे सुजलेले.

"आत ये."

महिपत भिंतीला धरून आत गेला. नर्स वाकून पिशवी रिकामी करत होती आणि भांडं जवळजवळ काठोकाठ भरलं होतं. "डॉक्टर म्हणाले, राहिली," अक्का म्हणाली. "पहिल्यासारखी न्हाई, पण राहिली."

विठ्ठलचे गाल पुन्हा बसले होते. त्याने डोळे उघडले, धाकट्याकडे बराच वेळ बघितलं.

"म्हैपत," तो हळूच म्हणाला, "पुन्हा काही पाजायला आणलंस, तर आधी अक्काला विचार. मी भाडेकरू आहे."