रोडपालीच्या बाथरूममधले डाग

फिल्मवर डाग दिसला की त्या दिवशी जेवण जात नाही, आणि महिन्याभराने त्याच डागाचा किस्सा होतो. आम्हा तिघांकडे आता धड फोटो कमी आणि किस्से जास्त आहेत.

कृष्णधवल फिल्म घरीच डेव्हलप करायची, लॅबची पायरी चढायची नाही, हा हट्ट माझा. बाथरूम मंदारचं, रोडपालीतलं. आणि गरज दिनेशची. बेलपाड्यातली त्याची आई डायलिसिसवर होती. मोबाइल समोर धरला की ती पदर तोंडावर ओढायची. दिनेश घेऊन जायचा त्या माझ्या जुन्या कॅमेऱ्याला मात्र तिची हरकत नव्हती. "यात कुटं लगेच दिसतंय," म्हणायची. तिचा समोर बघतानाचा एक स्वच्छ फोटो, एवढंच दिनेशला हवं होतं.

*

सुरुवात पाण्याने केली. टँकरचं पाणी फिल्मवर वाळलं की क्षारांचे पांढरे ओघळ राहायचे. शेवटच्या धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर घ्यायला आम्ही पनवेलला एसटी स्टँडजवळच्या बॅटरीवाल्याकडे गेलो. पाच लिटर मागितलं. त्याने गाडी कुठली ते विचारलं. मंदार प्रामाणिक, म्हणाला गाडी नाही.

बॅटरीवाल्याने आम्हा तिघांकडे नीट बघितलं. "मग पिणार का?"

ओघळ गेले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

*

मग दिनेशने आईचा पहिला रोल काढला. स्वच्छ पाण्याने धुऊन बाथरूममध्येच दोरीवर वाळत लावला, दार ओढून घेतलं, वर कागद चिकटवला: आत जाऊ नये.

मंदारचे वडील रिटायर्ड माणूस. त्यांनी कागद वाचला आणि तासभर वाट पाहिली. मग आत गेले, आंघोळ केली आणि रोजच्यासारखी अंगावर भरपूर पावडर मारली.

छत्तीसच्या छत्तीस फ्रेममध्ये बर्फ पडला होता. ओल्या फिल्मवर बसलेली पावडर पुन्हा धुतली तरी निघेना. काका खजील होऊन म्हणाले, "अरे, मी फिल्मला हातसुद्धा लावला नाही."

आईला पुन्हा बसवावं लागणार, एवढंच दिनेश म्हणाला. ती आता डायलिसिसला आठवड्यातून दोनदा नाही, तीनदा जात होती.

*

दुसरा रोल मंदारने एकट्याने केला. फिल्म असलेला डबा रसायन ओतल्यावर फरशीवर आपटायचा असतो, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. नाहीतर बुडबुड्याखाली रसायन पोचत नाही आणि फोटोत तिथे गोल काळा ठिपका येतो. हे मंदारला तोंडपाठ होतं. पण खालच्या मजल्यावरून ठोकठोकीची तक्रार आली होती, म्हणून त्याने डब्याखाली चार पदरी टॉवेल घातला आणि वेळापत्रकाप्रमाणे, अगदी मन लावून, टॉवेलवर आपटला.

भिंतीवर ठिपके, पदरावर ठिपके, तिच्या हातांवर ठिपके.

पण एका फ्रेममध्ये ती सरळ समोर बघत होती.

*

मंदार म्हणाला, कॉम्प्युटरवर पुसून टाकू. मी उसळलो. डाग पुसायचे तर मोबाइलच काय वाईट होता? फिल्मवर जे आलं ते आलं, चूक आपली आहे तर काम पुन्हा करा, असं बरंच काही मी बोललो. चांगलं बोललो असं तेव्हा वाटलं होतं.

दिनेशने सगळं ऐकून घेतलं. "बरं. आय बरी झाली की परत बसवतो."

तिसरा रोल कॅमेऱ्यात घातला, पण काढला गेला नाही. नऊ दिवसांनी ती गेली.

*

दहाव्याला फोटो लागणार होता. दिनेशने फोनवर म्हटलं, तूच बघ, मला आता काय सुचत नाय.

मी तीच फ्रेम स्कॅन केली आणि दोन दिवस बसलो. तत्त्व वगैरे बाजूला ठेवलं. एकेक काळा ठिपका मोठा करून पुसला. भिंत, पदर, हात. सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्यावर घालवला. तिला मी कधी भेटलो नव्हतो, पण शेवटी त्या चेहऱ्यावर एक डाग उरला नाही. आमच्या बाथरूममधून निघालेला तो सगळ्यात स्वच्छ फोटो होता. चौकट करून मी थेट बेलपाड्याला नेला.

मुंडन केलेला दिनेश ओटीवर बसला होता. त्याने चौकट हातात घेतली आणि बहिणीकडे दिली. तिने पदराने काच पुसली. पुन्हा पुसली.

"फोटो बरा हाय," ती हळूच म्हणाली. "पन आयचं गोंदन कुटं गेलं?"

दिनेशचे वडील कोपऱ्यात बसले होते. त्यांनी हात पुढे केला, माझ्या खिशातलं मार्कर पेन काढून घेतलं आणि चौकट मांडीवर ठेवली. मग काचेवर, हनुवटीच्या जागी तीन आणि कपाळावर एक, असे चार ठिपके दिले. एकदाही थांबले नाहीत.